इवुश्काची वाट

वेर्खनी बोर,
१७ जून

प्रिय लुशा,

यंदा पेचोराचा बर्फ उशिरा फुटला. मेच्या दहा तारखेपर्यंत नदी गप्प पडून होती, आणि मग एका दुपारी सगळा बर्फ एकदम चालायला लागला. मी खिडकीशी बसून ऐकत होते. शेजारच्या खोलीत कुणीतरी मोठाली भांडी हळूहळू आवरतंय, असा आवाज तीन दिवस येत होता. आता बघशील तर त्याच पाण्यावर पिवळी कमळं उमलायला लागलीत, डासांनी हवा गच्च भरलीय, आणि उजेड काही केल्या संपत नाही. जेवण होतं, भांडी होतात, अंथरूण घालते, तरी बाहेर तोच दुधाळ उजेड. पडल्या पडल्या जंगलाचा काठ दिसतो. झोप आणि जाग यांच्या मधली जी जागा असते ना, तिथेच हल्ली माझा बराचसा जून जातो.

मूस-शाळेवर आता मूस हरणांच्या चौदाच माद्या उरल्यात. (आपण तिला शाळा म्हणायचो, आठवतं? पाटीवर 'फार्म' होतं, पण तू म्हणायचीस, इथे आपणच शिकतो, त्या शिकवतात.) तुझ्या जागी उस्तिन्या नावाची मुलगी लागलीय. वीस वर्षांची, सिक्तिव्कारहून आलेली, केस पोरांसारखे कापलेले. दूधखोलीतून मी दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले, पण दोन जूनला ती धावत घरी आली. "स्तेशा मावशी, चला ना हो, माझी मूस व्यायला झालीय आणि मी एकटीच आहे." गेले. तू मला जे सांगायचीस तेच तिला सांगितलं. पिलू जमिनीवर पडलं की आधी उचलून पलीकडच्या गवतात न्यायचं, आईला ते नीट दिसायच्या आत. मग हातांना पिलाचा वास यावा म्हणून जन्माच्या पाण्यात दोन्ही हात कोपरापर्यंत भिजवायचे, गुडघ्यांवर बसायचं आणि हात पुढे धरायचे. बोलायचं नाही, हलायचं नाही. ती मूस उठून उभी राहिली. घोड्याहून उंच जनावर ते, तुला काय सांगायचं. खाली बसलेल्या पोरीवर सावलीच पडली. लांब नाक खाली आलं, मनगटं हुंगली, आणि मग तो आवाज. गळ्याच्या तळातून येणारा, फक्त पिलासाठी राखून ठेवलेला. उस्तिन्या हमसून हमसून रडायला लागली आणि ती मूस तिचे गाल चाटत राहिली. मी कुंपणाला धरून उभी होते. मला तू दिसत होतीस.

इवुश्का पहिल्यांदा व्याली तेव्हा तू सदतीस नाही, चव्वेचाळीस वर्षांची होतीस. तू नेहमी वय कमी सांगायचीस म्हणून माझाही गोंधळ होतो. तिला तूच बाटलीने वाढवलेली. तीन दिवसांची असताना तिने तुझ्या हातून पहिलं पान खाल्लं ते विलोचं, म्हणून तिचं नाव इवुश्का, छोटी विलो. आणि त्या सकाळी तुझं बाळ तुझी आई झालं. तिने तुला असं काही चाटलं की आठवडाभर तुझा चेहरा सोलल्यासारखा लाल होता, आणि तू तो गावभर मिरवलास. त्यानंतर ती तुझ्या मागे मागे गावातही यायला लागली. तू पोस्टात गेलीस की ही दारात उभी. पोस्टातली ज़ोया आतून ओरडायची, "अगं लुकेर्या, तुझी पोर दार अडवून उभी आहे, पेन्शनच्या म्हाताऱ्या आत अडकल्यात!" आणि तू शांतपणे सांगायचीस, "तिचं काही पत्र आलंय का विचारायला आलीय, जरा बघून सांग." डायरेक्टर गेरासिम पेत्रोविचच्या परसातला कोबी तिने फस्त केला तेव्हा तर तो माणूस विजारीचा पट्टा न लावताच तुझ्या दारी आला होता. "तुझ्या लेकीने माझा सगळा कोबी खाल्ला!" तू म्हणालीस, "मग साहेब, तुम्ही तिच्या जंगलात जा आणि मनसोक्त फांद्या खा. फिट्टंफाट." चिडायच्या ऐवजी डायरेक्टरसाहेबच हसत सुटले.

तू दूध काढायचीस, मी गाळायचे. तिचं दूध फडक्यातून सावकाश उतरायचं, सायीसारखं दाट, किंचित खारट, आणि त्याला पाइनच्या डिंकाचा वास. पोटात जखमा झालेले लोक त्या दुधाच्या बाटल्यांची आरोग्यधामात वाट बघत बसायचे. त्यांना काय ठाऊक, की त्यात इवुश्काने खाल्लेलं अख्खं जंगल उतरलेलं असायचं. कोणत्या दिवशी कुठे चरली ते मी वासावरून ओळखायचे, आणि तुला ते खोटं वाटायचं. जुलैत ती तळ्यात गळ्यापर्यंत शिरायची, डोकं पूर्ण पाण्याखाली घालायची, आणि आपण काठावर बसून आकडे मोजायचो. पाणी पुन्हा सपाट व्हायचं. काहीच नाही. आणि मग एकदम ते केवढं डोकं वर, तोंडातून कमळाचे देठ लोंबतायत, कानांतून पाणी गळतंय, आणि चेहऱ्यावर भाव असा की 'तुम्ही अजून इथेच?' तू मला दाखवायचीस, हिने वाकवलेल्या फांद्यांवर मागून ससे येतात, हिवाळ्यात हिच्या पायांनी पडलेल्या वाटेवरून कोल्हे जातात, वसंतात मॅगपाय पक्षी हिच्या पाठीवर बसून गळणारे केस घरट्यासाठी उपटतात. तू म्हणायचीस, "आपण दोघी मेलो तर गावाला दोन दिवस कळणार नाही. ही गेली तर जंगलाला त्याच दिवशी कळेल."

नदीच्या वळणावरची विलोची झाडी आता दोन पुरुष उंच झालीय, लुशा. इवुश्का तिथे चरायची तेव्हा झाडी कंबरेपर्यंतच असायची.

आता मला त्र्याण्णव सालच्या ऑक्टोबरबद्दल लिहायचंय. इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले. एकदा चहा केला, एकदा उगाच परसातल्या कांद्यांना पाणी घातलं.

त्या शरदात दुकानाच्या फळ्यांवर मीठ, काड्यापेट्या आणि समुद्री शेवाळाचे डबे एवढंच उरलं होतं. तुझी आई ऑगस्टपासून अंथरुणाला खिळलेली. तिला काही जाईना. बटाटा जाईना, लापशी जाईना. तू दूध काढून यायचीस, तिच्या उशाशी बसायचीस आणि चमचा तिच्या ओठांना लावून तसाच परत ठेवायचीस. एका संध्याकाळी माझा येफिम जंगलातून आला तो पाठीवर पोतं घेऊन, वर देवदाराच्या फांद्या झाकलेल्या. म्हणाला, "पलीकडच्या काठावरचा रानटी नर होता. विचारू नकोस, शिजव." मी विचारलं नाही. त्या साली कोण विचारत होतं? मी मोठं भांडं चढवलं, कांदा घातला, तमालपत्राचं शेवटचं पान घातलं, आणि सगळ्यात आधी एक किटली भरून तुझ्याकडे आणली. तुझ्या आईने दोन वाट्या सूप प्यायलं. आठवतं? तिच्या कपाळावर घाम आला, गालांवर रंग आला, आणि ती म्हणाली, "पोरींनो, आज रविवार आहे का?" तूही प्यायलीस. किटली धुऊन माझ्या हातात देताना म्हणालीस, "येफिमला सांग, त्याच्या हातांचं मी चुंबन घेते."

त्या दिवशी संध्याकाळी इवुश्का दुधाला आली नव्हती. पण ऑक्टोबर म्हणजे त्यांचे माजाचे दिवस. माद्या नरांच्या मागे चार-चार दिवस जातात. तू काळजी केली नाहीस. पाचव्या दिवशी तू काठावर जाऊन हाक मारलीस. दहाव्या दिवशी ओटच्या लापशीची बादली घेऊन गेलीस. मग बर्फ पडला, आणि तू रोजच जायला लागलीस.

तुझी ती हाक मला अजून ऐकू येते. 'इवु-उ-ऊश' अशी, शेवट वर उचललेली, आणि मग थांबायचं. जंगल ती हाक घ्यायचं आणि ठेवून घ्यायचं, परत काही द्यायचं नाही. धुकं झाडांच्या खोडांमधून चालत असायचं. एखाद्या फांदीवरून बर्फ सरकला की तू माझा दंड घट्ट धरायचीस. कारण मीही असायचे ना तुझ्याबरोबर. सगळा हिवाळा आणि पुढचा सगळा वसंत. तुझा आवाज बसला की मी हाक मारायचे. लुशा, मीही हाक मारली. मी तुझ्यापेक्षा मोठ्याने मारली.

आणि मला तेव्हा माहीत होतं.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात मी न्हाणीघर तापवायला गेले. शेगडीमागे लाकडं सारताना हाताला चामडं लागलं. इवुश्काच्या गळ्यातल्या चामड्याला तू तुझ्या लाल ओढणीच्या पट्ट्या गुंफून जो पट्टा केला होतास, जो शिकाऱ्याला लांबून दिसावा म्हणून तू दर महिन्याला धुवायचीस, तो. घंटी तशीच. मी तो घेऊन तिथेच लाकडांवर बसले. येफिम आत आला, माझ्या मांडीवर पट्टा बघितला, आणि दारातच उभा राहिला. त्याने काही नाकारलं नाही. संध्याकाळची वेळ, दलदलीवर धुकं, घंटी चिखलाने भरलेली, वाजलीच नाही. पट्टा काळा पडलेला. अंधुक पाठ दिसली, त्याने गोळी झाडली. "आणि ती पळाली नाही गं, स्तेशा," तो म्हणाला. "रानटी जनावर पळतं. ती माझ्याकडे चालत आली. मला वाटलं अंगावर येतेय, मी दुसरी झाडली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि माझ्या हाताकडे नाक करून हुंगायला लागली. तेव्हा मला पट्टा दिसला."

मग, लुशा, त्याने टोपी घातली. हे मला तुला सगळ्यात नीट सांगायचंय, कारण तो आता नाही आणि त्याच्यावर जे ढकलता येईल ते ढकलायचा मोह मला फार झाला होता. त्याने टोपी घातली, कोटाची बटणं लावली, आणि म्हणाला, "जातो. तिला सांगतो. काय करायचं ते करू दे." आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मी म्हणाले, शाळेची मूस मारली म्हणून तुला तुरुंगात घालतील. मी म्हणाले, मला दूधखोलीतून काढतील, मग खायचं काय. आणि मग मी जे म्हणाले ते ऐक. मी म्हणाले, "तिने आणि तिच्या आईने ते सूप प्यायलंय. हे तू तिला सांगणार आहेस? म्हातारी त्या सुपावर जगलीय, तिला हे सांगणार आहेस?" मग त्याने टोपी काढून खुंटीला लावली. पट्टा मी न्हाणीघराच्या त्याच शेगडीत घातला, चामडं जळायला फार वेळ लागतो. घंटी नदीत टाकली, पाणी अजून पुरतं गोठलं नव्हतं.

तेरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी तुझ्यासाठी गप्प बसले. तुझ्या आईच्या त्या दोन वाट्या विषारी होऊ नयेत म्हणून. ते थोडंफार खरंही असेल. पण लुशा, मी दाराला पाठ लावली तेव्हा आधी तुरुंग म्हणाले होते, मग नोकरी. तू तिसरी आलीस.

येफिमने त्यानंतर बंदूक उचलली नाही. गावाला वाटलं, त्याचे डोळे गेले. तो मरेपर्यंत दर हिवाळ्यात अ‍ॅस्पेनची पाडलेली झाडं ट्रॅक्टरने ओढून शाळेच्या माद्यांसाठी आणून टाकायचा, सालं खाण्यासाठी. सुट्टीच्या दिवशी, उणे पस्तीसमध्ये, कुणी न सांगता. पोरं थट्टा करायची, "येफिम काका, यांच्यातली कोण तुमची सासू लागते?" तो हसायचा. मूस जवळ यायच्या, तो ट्रॅक्टरमधून खाली उतरायचा नाही. एकदा मी विचारलं, का रे? म्हणाला, "माझे हात हुंगतील." गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये तो गेला ते मी तुला कळवलंच होतं. शेवटच्या दिवशी त्याने मला विचारलं, "पट्टा कुठे ठेवलास?" मी म्हणाले, पेटीत आहे, जपून. त्याने मान हलवली. त्यालाही मी शेवटी खोटंच दिलं.

तुझी आई त्या पुढच्या जुलैत गेली, आणि दुसऱ्या कुठल्या मूसने तुझे हात चाटावेत हे तुला सोसेना, म्हणून तू बहिणीकडे वोलोग्दाला गेलीस. तेव्हापासून दर मे महिन्यात तुझं कार्ड येतं. तब्येत, बहिणीचं मांजर, बाल्कनीतले टोमॅटो, आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'इवुश्का आली का?' आणि मी दरवर्षी लिहिते, अजून नाही गं, जंगल मोठं आहे. एका वर्षी तर मी लिहिलं की वळणावर मोठ्या खुरांचे ठसे दिसले. ते का लिहिलं हे मला अजून कळलेलं नाही. तुला एक सुखाचा महिना द्यावा म्हणून असेल. त्या वर्षी तू उलट टपाली विचारलं होतंस, पुढचा डावा खूर किंचित बाहेर वळलेला होता का? मी 'हो' लिहिलं.

रात्रीचे अकरा झाले असतील, पण बाहेर अजून उजेड आहे. उस्तिन्याची मूस कुंपणाशी येऊन उभी आहे, मला खिडकीतून तिचे कान दिसतायत. पलीकडच्या आवारात तिचं पिलू बाटली पिऊन झोपलं असेल. त्या पोरीला सकाळी मी सांगितलं, हे जनावर तुला जे समजतंय ते तू नाहीस, हे रोज आठवत जा, आणि तरीही तसंच वागत जा. ती म्हणाली, "मावशी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी तुझं नाव घेतलं.

यंदाच्या तुझ्या कार्डावर नेहमीच्या ओळीखाली आणखी चार ओळी होत्या. बहीण मुलाकडे राहायला जातेय. घर विकायचं ठरलंय. आणि मी दरवर्षी 'येफिम गेला, मी एकटी आहे, इकडेच ये ना राहायला' असं जे लिहिते... दोनदाच लिहिलं, पण तुझ्या कार्डावर 'दरवर्षी' आहे, असू दे... तर सप्टेंबरात येऊ का, असं तू विचारलंयस. दोन म्हाताऱ्या, एक चूल. मला किती आनंद झाला हे तुला सांगायची माझी लायकी नाही. मी त्याच दिवशी 'ये' एवढंच लिहून कार्ड पोस्टात नेलं. आता मला विचारणारं जगात कुणी उरलेलं नाही. येफिम नाही, तुझी आई नाही, पट्टा नाही. कार्ड टाकलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. ज़ोयाच्या भाचीने हात पुढे केला, आणि मी कार्ड पिशवीत ठेवून घरी परत आले. कारण मला पुढचं दिसलं. सप्टेंबरातली पहिली संध्याकाळ, तू माझ्या टेबलाशी बसलीयस, प्रवासाने दमलेली, मी तुझ्यापुढे सुपाची वाटी ठेवलीय, आणि तू माझ्याकडे बघून म्हणतेयस, तुझ्या हातचं सूप प्यायला किती वर्षं झाली. ते मला जमायचं नाही, लुशा. म्हणून हे पत्र आधी येतंय, तू नंतर ये, किंवा येऊ नकोस. नदीकडची खोली मी चुन्याने रंगवून ठेवलीय, खिडकीचं फुटकं तावदान बदललंय. तू नाही आलीस तरी ती दुसऱ्या कुणाची होणार नाही. आणि आलीस, तर चूल तू पेटव. मी समोर बसेन, आणि तू जे वाढशील ते खाईन.

तुझीच,
स्तेशा